मांजरासाठी 'लिटर' कसे निवडावे?

कर्जतहून मुरबाडकडे जाणाऱ्या रस्त्यावरील कशेळे हे आसपासच्या वाड्यापाड्यांचे बाजाराचे गाव. पेठचा किल्ला चढणारे आणि खांडसमार्गे भीमाशंकर गाठणारे गिर्यारोहक या गावाला चांगले ओळखतात. या पट्ट्यात मुंबई-ठाणेकरांची दुसरी घरे व शेतघरे उभी राहिली आणि शनिवार-रविवारी येणाऱ्या कुटुंबांबरोबर जाळीच्या पेटीतून त्यांची मांजरेही येऊ लागली. गावातल्या मांजरांना शी-शूसाठी परसातील भुसभुशीत माती, चुलीमागची राख किंवा खळ्याकडेचा तुसाचा ढीग पुरतो. सदनिकेत वाढलेल्या मांजराला मात्र प्लास्टिकचा ट्रे आणि त्यातले 'लिटर' लागते. ते कोणते असावे, हा प्रश्न वरवर क्षुल्लक वाटतो. प्रत्यक्षात घराची स्वच्छता, घरातल्या माणसांचे आरोग्य आणि कित्येकदा मांजराचा जीवही त्याच्याशी निगडित असतो.

मांजर ट्रे सोडून गादीवर किंवा सोफ्यामागे घाण करू लागले की कुटुंबाचा धीर सुटतो. मांजर घराबाहेर काढले जाण्याच्या प्रमुख कारणांपैकी हे एक आहे. 'शेतघरावर सोडू, तिथे उंदीर खाऊन राहील' असा विचार अशा वेळी सहज सुचतो. परंतु घरात वाढलेल्या मांजराला घोणस, फुरसे, मोकाट कुत्री यांची ओळख नसते आणि शिकार करून पोट भरण्याची सवयही नसते. भूक-तहानेने हाल होतील अशा स्थितीत प्राण्याला वाऱ्यावर सोडणे हा प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियम, १९६० च्या कलम ११ अन्वये गुन्हाही आहे. त्यामुळे मांजर 'बिघडले' असा निष्कर्ष काढण्यापूर्वी त्याच्या ट्रेकडे एकदा नीट पाहणे अगत्याचे ठरते.

वाळवंटाचा वारसा

पाळीव मांजराचे पूर्वज आफ्रिका व पश्चिम आशियातील रानमांजरे होत. कोरड्या प्रदेशातील सैल वाळू-मातीत खड्डा करायचा, विष्ठा पुरायची आणि आपला माग पुसायचा ही त्यांची रीत आजच्या मांजरातही उतरली आहे. म्हणूनच मांजराला ट्रे वापरायला फारसे शिकवावे लागत नाही. त्याच्या पंजाला पटेल असा पदार्थ मिळाला म्हणजे पुरते. वर्तनतज्ज्ञ पीटर बोर्चेल्ट यांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मांजरांचा कल बारीक दाण्याच्या मातीकडे असल्याचे आढळले होते. जाडेभरडे, टोचणारे किंवा पंजाखाली घरंगळणारे दाणे अनेक मांजरांना आवडत नाहीत.

पूर्वी घरातील मांजरांसाठी वाळू, राख वा लाकडाचा भुसा वापरला जाई. अमेरिकेतही हीच पद्धत होती. १९४७ मध्ये मिशिगन राज्यातील एड लो यांच्याकडे शेजारीण मांजरासाठी वाळू मागायला आली. लो यांच्या घरचा व्यवसाय कारखान्यांतील तेल-ग्रीस शोषून घेणाऱ्या पदार्थांचा होता. त्यांनी वाळूऐवजी भाजलेल्या चिकणमातीचे दाणे देऊन पाहिले. ही माती म्हणजे आपल्याकडे चेहऱ्याला लावल्या जाणाऱ्या मुलतानी मातीचीच जातभाई. शेजारणीला ती इतकी आवडली की लो यांनी पाच-पाच पौंडांच्या पिशव्या भरून त्यांवर 'किटी लिटर' असे नाव घातले. पुढे १९८४ च्या सुमारास थॉमस नेल्सन या जीवरसायनशास्त्रज्ञाने बेंटोनाइट मातीचा उपयोग करून गुठळी धरणारे लिटर तयार केले. ओली झालेली जागाच तेवढी घट्ट होते आणि झाऱ्याने उचलता येते, ही त्यातील खरी सोय.

बाजारात काय मिळते?

बेंटोनाइट माती : ही सर्वाधिक प्रचलित आहे. भारतात बेंटोनाइटचे साठे प्रामुख्याने गुजरातमधील कच्छ व भावनगर आणि राजस्थानातील बारमेर परिसरात आहेत. तिच्यातील सोडियमयुक्त प्रकार पाणी शोषून अनेक पट फुगतो आणि घट्ट गुठळी धरतो. दाणा बारीक असल्याने बहुतेक मांजरे ती चटकन स्वीकारतात. वजन, धूळ आणि पंजांना चिकटून घरभर पसरणारे कण हे तिचे दोष. दमा असलेली व्यक्ती किंवा दम्याचे मांजर घरात असल्यास 'कमी धुळीचे' लिखित पाकीट घेऊनच थांबू नये. थोडी माती हातभर उंचीवरून पांढऱ्या कागदावर ओतून धूळ किती उडते ते पाहावे.

सिलिका जेल : नव्या चपलांच्या खोक्यात किंवा औषधाच्या बाटलीत जी पुडी असते, तिच्यातलाच हा पदार्थ. तो लघवी शोषतो, वजनाला हलका असतो आणि वास चांगला दाबतो. परंतु याची गुठळी होत नाही, दाणे पायाखाली कुरकुरतात आणि काही मांजरांना ते टोचतात. शिवाय तो हवेतील बाष्पही ओढून घेतो.

सोयाबीन किंवा टोफूचे लिटर : सोयाबीनचे दूध काढल्यावर उरणाऱ्या चोथ्यापासून बारीक कांड्या केलेल्या असतात. धूळ कमी आणि वजनही कमी. गुठळी धरते, पण बेंटोनाइटइतकी घट्ट नाही. हा शेवटी खाद्यपदार्थ असल्याने दमट हवेत त्याला बुरशी लागते आणि किडेही होतात.

लाकूड, कागद, मका व नारळाचा काथ्या : पाइन लाकडाच्या गोळ्या ओल्या झाल्यावर त्यांचा भुसा होतो. भट्टीत नीट वाळवलेल्याच गोळ्या घ्याव्यात, कारण कच्च्या पाइनमधील उग्र तेले मांजराच्या श्वसनमार्गाला त्रासदायक ठरू शकतात. कागदाचे लिटर मऊ असते. शस्त्रक्रियेनंतर टाक्यांत कण जाऊ नयेत म्हणून पशुवैद्य काही दिवस तेच वापरण्यास सांगतात. काथ्याचा भुसा म्हणजे कोकोपीट आपल्या वजनाच्या कितीतरी पट पाणी शोषतो, मात्र त्याचा तपकिरी रंग लादीवर आणि पांढऱ्या मांजराच्या पायांवर उमटतो.

पिशव्या कधी किलोच्या तर कधी लिटरच्या मापाने विकल्या जातात. म्हणून किमतींची तुलना करताना हिशेब मांडणे चांगले. ५० सेंटीमीटर लांब व ४० सेंटीमीटर रुंद ट्रेमध्ये ५ सेंटीमीटर जाडीचा थर द्यायचा, तर १०,००० घन सेंटीमीटर म्हणजे दहा लिटर माल लागतो. बेंटोनाइटच्या बाबतीत त्याचे वजन आठ ते दहा किलोच्या घरात जाते. सिलिका जेल त्याच्या निम्म्याच्या आसपास भरते. गुठळी धरणाऱ्या मातीत रोज काढली तेवढीच भर घालावी लागते. गुठळी न धरणाऱ्या प्रकारात मात्र ठरावीक दिवसांनी सगळा ट्रे रिकामा करावा लागतो. त्यामुळे पिशवी स्वस्त असली, तरी महिन्याचा खर्च कमी येईलच असे नाही.

भाताच्या मुलखातील पर्याय

कर्जत तालुका हा भाताचा मुलूख. येथील कृषी संशोधन केंद्रात विकसित झालेल्या 'कर्जत-३', 'कर्जत-७' यांसारख्या जाती कोकणभर पोहोचल्या आहेत. शंभर किलो भात भरडले की साधारण वीस किलो तूस निघते. तेव्हा भातगिरणीतील हे तूस मांजराच्या ट्रेमध्ये का वापरू नये, हा प्रश्न शेतघरावर येणाऱ्याच्या मनात येणे स्वाभाविक आहे.

तुसाच्या वजनात पंधरा ते वीस टक्के सिलिका असते आणि त्याचे वरचे आवरण गुळगुळीत असते. त्यामुळे ते लघवी फारशी शोषत नाही. ओल खाली झिरपून ट्रेच्या तळाशी साचते. ते हलके असल्याने मांजराने उकरताच बाहेर उडते. अडीअडचणीला एक-दोन दिवस वापरायचे असल्यास तूस चाळून, उन्हात वाळवून, तळाशी वर्तमानपत्राच्या घड्या घालून त्यावर पसरावे आणि रोज पूर्ण बदलावे. कोंडा मात्र वापरू नये. त्याला मुंग्या लागतात, पोरकिडे होतात आणि काही मांजरे तो चाटतात.

चुलीची वा तुसाची राख हा जुना उपाय. पण ओली राख क्षारयुक्त होते. पंजे चाटून साफ करणाऱ्या मांजराच्या तोंडात व पोटात ती जाते आणि कोरडी असताना तिची धूळ उडते. वखारीतील भुसा कोणत्या लाकडाचा आहे, त्यावर वाळवीचे औषध मारले होते का, त्यात प्लायवूडचा चुरा मिसळला आहे का, हे कळायला मार्ग नसतो. तो टाळलेला बरा. परसातील माती मांजराला मनापासून आवडते. परंतु तिच्यात जंतांची अंडी असू शकतात आणि पावसाळ्यात तिचा चिखल होतो. बांधकामाची वाळू उकरायला सोयीची असली, तरी ती लघवी धरून ठेवत नाही. दोन दिवसांत दुर्गंधी सुटते. दुसऱ्या बाजूने, बाहेर फिरायला सोकावलेले आणि ट्रेला नाकारणारे मांजर आत राहायला शिकवायचे असेल, तर नव्या लिटरवर मूठभर वाळलेली माती पसरणे हा उपयोगी पडणारा उपाय आहे.

पावसाळा हीच खरी परीक्षा

पाकिटावरील सूचना बहुधा कोरड्या हवेच्या देशांतील घरे डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेल्या असतात. कर्जत परिसरात वर्षाला ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि तोही मुख्यतः जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. जुलैमध्ये हवेतील आर्द्रता नव्वद टक्क्यांच्या आसपास राहते. अशा हवेत उघड्या ट्रेमधील सिलिका जेल लघवी शोषण्यापूर्वीच बाष्पाने भरून जाते. सोयाबीनच्या कांड्या फुगतात, त्यांवर पांढरी बुरशी धरते. बेंटोनाइटची फोडलेली पिशवी कोपऱ्यात ठेवली तर तळाशी ढेकूळ बनते.

यावर उपाय साधे आहेत. पावसाळ्यात मोठी पिशवी घेण्याऐवजी लहान घ्यावी. फोडलेला माल पापड-लोणच्याच्या काळजीने घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावा. ट्रे थेट लादीवर न ठेवता लाकडी पाटावर ठेवावा आणि ओल येणाऱ्या भिंतीपासून दूर सरकवावा. थर थोडा पातळ ठेवून माल लवकर बदलावा. शनिवार-रविवारपुरत्या उघडणाऱ्या घरात वापरलेले लिटर आठवडाभर तसेच सोडून जाऊ नये; परत आल्यावर त्या वासाने मांजर ट्रेकडे फिरकणार नाही. या चार महिन्यांपुरता विचार केला, तर बहुतेक घरांना बारीक दाण्याची, बिनवासाची बेंटोनाइट माती सर्वांत कमी त्रासाची ठरते.

सुगंध कोणासाठी?

लॅव्हेंडर, लिंबू, गुलाब अशा वासांची लिटरे माणसाच्या नाकासाठी बनवलेली असतात. मांजराचे घ्राणेंद्रिय आपल्यापेक्षा कितीतरी तीक्ष्ण असते आणि ते त्या पदार्थात थेट पाय रोवून उभे राहते. अनेक मांजरे सुगंधी लिटर नाकारतात. लघवीतील युरियाचे जिवाणूंमुळे विघटन होऊन अमोनिया सुटतो, त्यामुळे दुर्गंधीवरचा उपाय म्हणजे घाण लवकर उचलणे. बोक्याच्या लघवीचा उग्रपणा त्यातील फेलिनीन नावाच्या घटकाशी संबंधित असतो. निर्बीजीकरणानंतर तो उग्रपणा कमी होतो आणि भिंतीवर पिचकारी मारण्याची सवयही बहुतेक बोक्यांमध्ये सुटते. लिटर बदलून हे साधत नाही.

ट्रे स्वतः मांजराच्या लांबीच्या दीडपट असावा. बाजारातील पुष्कळ ट्रे त्याहून लहान असतात. कपडे ठेवण्याचा प्लास्टिकचा उथळ खोका एका बाजूने कापून घेतल्यास उत्तम ट्रे होतो. झाकणाचा की उघडा, याबाबत मांजरांची आवड एकसारखी नसते. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एकूण मांजरांचा कल कोणत्याही एका बाजूला दिसला नाही, काही मांजरांची वैयक्तिक पसंती मात्र स्पष्ट होती. झाकणाच्या ट्रेमधील घाण डोळ्यांआड राहते आणि काढायची राहून जाते, हा त्याचा मोठा तोटा. मांजरे जितकी, त्याहून एक ट्रे अधिक, हा पशुवैद्यांचा सर्वसाधारण नियम आहे. ट्रे व अन्नपाण्याची भांडी एकत्र ठेवू नयेत.

गुठळ्या मोजा, जीव वाचवा

लिटर निवडताना सर्वांत दुर्लक्षित राहणारा निकष म्हणजे त्यातून आपल्याला काय दिसते, हा होय. निरोगी प्रौढ मांजर दिवसातून साधारण दोन ते चार वेळा लघवी करते. गुठळी धरणाऱ्या मातीत हे रोज मोजता येते. गुठळ्या मोठ्या व अधिक होऊ लागल्या तर मूत्रपिंडाचा विकार किंवा मधुमेह यांची शंका घ्यावी. त्या लहान-लहान व अनेक झाल्या तर मूत्राशयाच्या दाहाची शक्यता असते. गुठळी दिसतच नसेल आणि बोका ट्रेमध्ये वारंवार बसून कण्हत असेल, तर त्याचा मूत्रमार्ग तुंबलेला असू शकतो. बोक्याचा मूत्रमार्ग अरुंद असल्याने हा धोका त्याला अधिक. अशा वेळी एक-दोन दिवसांतही मृत्यू ओढवू शकतो. बद्धकोष्ठ समजून घरगुती उपाय करीत बसू नये. कशेळ्यासारख्या ठिकाणी हे रात्री घडले तर कर्जत, बदलापूर किंवा पनवेलपर्यंत धाव घ्यावी लागू शकते. निघण्यापूर्वीच जवळच्या पशुवैद्यांचे दूरध्वनी क्रमांक टिपून ठेवणे म्हणूनच शहाणपणाचे.

तीन-चार महिन्यांखालील पिल्ले नवा पदार्थ तोंडात घालून पाहतात. फुगणारी माती पोटात गेल्यास आतडे तुंबण्याची भीती असते. त्यांच्यासाठी कागदाचे किंवा गुठळी न धरणारे लिटर योग्य.

गर्भवती स्त्रियांच्या बाबतीत टोक्सोप्लाझ्मा या परजीवीची भीती घातली जाते आणि त्यापायी मांजरे घराबाहेर काढली जातात. वस्तुस्थिती समजून घेतल्यास ही वेळ येत नाही. लागण झालेले मांजर बहुधा आयुष्यात एकदाच, एक ते तीन आठवडे, विष्ठेवाटे या परजीवीची बीजांडे बाहेर टाकते. बाहेर पडलेली बीजांडे संसर्गक्षम व्हायला एक ते पाच दिवस लागतात. म्हणजे ट्रे रोज साफ केला की धोका मोठ्या प्रमाणात टळतो. गर्भवतीने हे काम शक्यतो घरातील दुसऱ्यावर सोपवावे. करावेच लागल्यास हातमोजे घालावेत व नंतर साबणाने हात धुवावेत. मांजराला कच्चे मांस देऊ नये. न शिजलेले मांस आणि न धुतलेल्या भाज्या यांतूनही माणसाला ही लागण होते, हे विसरू नये.

वापरलेल्या लिटरचे काय?

वापरलेले लिटर शौचालयात टाकू नये, मग पाकिटावर 'फ्लश करता येते' असे छापलेले का असेना. बेंटोनाइट नळीत फुगून बसते. शेतघराची सेप्टिक टाकी तर तिने लवकर भरते. शिवाय टोक्सोप्लाझ्माची बीजांडे सांडपाण्यावरील नेहमीच्या प्रक्रियेत टिकून राहतात. अमेरिकेच्या कॅलिफोर्निया किनाऱ्यावरील समुद्री ऊदमांजरांच्या मृत्यूंमागे हा परजीवी आढळल्यानंतर त्या राज्याने २००६ मध्ये लिटरच्या पाकिटावर 'शौचालयात वा गटारात टाकू नका' अशी सूचना छापण्याचा कायदा केला.

हाच विचार आपल्या ओढ्या-विहिरींनाही लागू पडतो. वापरलेले लिटर ओढ्याकाठी, विहिरीजवळ किंवा भाताच्या खाचरात टाकू नये. वनस्पतिजन्य असले तरी मांजराच्या विष्ठेसह ते भाजीपाल्याच्या खतात मिसळू नये. घट्ट बांधलेल्या पिशवीत भरून जेथे नियमित कचरा उचलला जातो, तेथे द्यावे. शेतघरावर तशी सोय नसेल, तर पिशवी गाडीतून परत नेणे हाच प्रामाणिक मार्ग. गावाने शहराच्या मांजराचा कचरा का सांभाळावा?

बदल करायचा तर सावकाश

चालू लिटर मांजर विनातक्रार वापरत असेल, तर केवळ नवे आले म्हणून बदलू नये. बदल आवश्यक असल्यास जुन्यात चतुर्थांश नवे मिसळून सात ते दहा दिवसांत प्रमाण वाढवत न्यावे. निवड ठरत नसेल तर दोन ट्रे शेजारी ठेवून दोन प्रकार भरावेत आणि मांजर आठवडाभर कशात अधिक उकरते, ते पाहावे. काठावर पाय ठेवून उभे राहणे, न उकरता पळून जाणे, ट्रेऐवजी बाहेरच्या लादीवर पंजा घासणे या नापसंतीच्या खुणा आहेत. घर बदलताना किंवा सुट्टीच्या घरी नेताना नेहमीचा ट्रे आणि थोडे जुने लिटर बरोबर घ्यावे. परक्या घरात ओळखीचा वास असलेली ती एवढी एकच जागा मांजराला निर्धास्त करते.

थोडक्यात, दाणा बारीक, वास नाही, धूळ कमी आणि गुठळी घट्ट, ही निवडीची सुरुवात. त्यानंतर ऋतू, मांजराचे वय व घरातील माणसांचे आरोग्य यांप्रमाणे फेरफार करावा. मात्र कितीही चांगले लिटर आणले, तरी ट्रे सकाळ-संध्याकाळ साफ होत नसेल, तर मांजर आपला निर्णय गादीवर नोंदवते. तो राग नसतो, खोडही नसते. स्वच्छ, सैल, कोरडी जागा मिळावी एवढीच त्याची मागणी असते, आणि परसातील मातीपासून त्याला दूर आणल्यावर ती पुरवणे हे आपले काम आहे.